उशिराचं अंडं

अकोट
१७ नोव्हेंबर, सोमवार

तुबा,

सलाम. जवाब दिला नाहीस तरी चालते, आता सवय झाली मले.

फोनवर तू मले ब्लॉक करून ठेवलं, म्हणून पोस्टानं लिहून राहिली. आणि मराठीतच लिहून राहिली, कावून की आपल्या दोघींच्या चिठ्ठ्या पहिल्यापासून मराठीतच असत. अब्बाले उर्दूच वाचता येते. आपली चिठ्ठी त्याईच्या हाती पडली की उलटीसुलटी करून, चष्मा पुसून परत द्यायचे, आठवते का? आताही समोर खाटेवर बसले आहेत. मी शाळेचं काम करून राहिली असं त्याईले वाटते. वाटू दे.

बातमी अशी की बेगम मेली. अम्मीची बेगम. परसात मुंगसानं मान धरली, मी झाडू घेऊन धावली तोपर्यंत खेळ खलास. बाकीच्या कोंबड्या तर अम्मीच्या मागोमाग उन्हाळ्यातच रोगानं गेल्या होत्या. ही एकच उरली होती, अम्मीच्या हातची. आता खुडूक व्हायलेच आली होती, अम्मीच्या खाटेखालच्या टोपल्यात तिची नऊ अंडी जमली होती, बसायचीच बाकी होती.

रुख्मिणीबाई भिंतीवरून म्हणे, "मॅडम, आता ऑम्लेट करा नि मोकळ्या व्हा." मी म्हटलं, बाई, तुमच्या तोंडाले काही हाड आहे का नाही? त्याईचाच कोंबडा बेगमच्या मागे फिरायचा, म्हणजे अर्धा हक्क त्याईचा आहे म्हणा. तरी अशी चिडली मी की त्याईनं दिलेलं विरजणही परत केलं.

मंग मी फळवाल्याकडून थर्माकोलची पेटी आणली. आत बल्ब बसवला, पाण्याची वाटी ठेवली, गरमी वाढली की बल्ब आपोआप विझवणारा थर्मोस्टॅट ऑनलाइन मागवून ठेवलेलाच होता, कारण अशा दिवसाची धास्ती मले होतीच. काल दुपारी अंडी आत ठेवली. पेटी अंधाऱ्या खोलीत आहे, तिथं वारं लागत नाही. प्रत्येक अंड्याच्या एका बाजूले पेन्सिलीनं गोल काढला, दुसऱ्या बाजूले फुली, म्हणजे पालटलं की नाही ते कळते. अम्मी सुरम्याचा ठिपका लावायची. पण सुरमादाणी तू घेऊन गेलीस. त्या दिवशी घरातून निघताना तेवढी एकच चीज उचललीस नि मागे वळूनही पाहिलं नाहीस.

तुबा, पुन्हा तेच सांगते. मे महिना होता. सकाळी अम्मी गेली, दहा वाजता उन्हानं अंगणात पाय ठेववत नव्हता. अब्बा म्हणाले, जमातीतले बुजुर्ग म्हणाले, दुपारच्या, जोहरच्या नमाजनंतर न्यायचं. तू अमरावतीहून निघालेली, दर्यापूरच्या अलीकडे रस्त्यात ट्रक आडवा पडलेला, तू कधी पोचशील ते कोणाले माहीत नव्हतं. मय्यत कोणासाठी थांबवत नाहीत, हे तुलेही माहीत आहे. तू आलीस तेव्हा खाट रिकामी होती. तुले अम्मीचं तोंड पाहता आलं नाही. बाया कब्रस्तानात जात नाहीत, म्हणून ते राहिलं ते राहिलंच. मले कळते सारं. पण सहा महिने बोलायचंच नाही? मी काय एकटीनं नेली होती तिले?

जाऊ दे. मले भांडायचं नाही. ही अंडी फुटली तर अम्मीची कोंबडी घरात राहील, नाहीतर तिचं चालतंबोलतं या घरात काहीच उरत नाही. एकवीस दिवस लागतात, म्हणजे सात डिसेंबर, रविवार. त्या दिवशी तरी ये. परसदारानं ये, तुझ्या सवयीनं. मी काही बोलणार नाही.

शाहीन


अकोट
२४ नोव्हेंबर

तुबा,

काल रविवार होता, तर मी अम्मीच्या रीतीनं अंडी पाहिली.

यूट्यूबवरचे लोक मोबाइलच्या बत्तीवर अंडं ठेवून पाहतात. मी पण पाहिलं असतं. पण अम्मीचं दार आहे ना आपल्याकडे! अंधाऱ्या खोलीच्या दाराले तिनं सुताराकडून पाडून घेतलेलं ते भोक. एकच दार, खिडकी नाही. दुपारी ऊन बरोबर दारावर येते. मी आत गेली, दार ओढून घेतलं, नि एकेक अंडं आतून भोकाले लावलं. अंधारात नुसतं अंडं पेटते, तुबा. लालसर. आतून बारीक बारीक शिरा पसरलेल्या नि मधे काळा ठिपका, तो जरा हलला की काळीज हलते. लहानपणी तू पहिल्यांदा पाहिलं नि किंचाळलीस, "अंड्याले डोळा आहे!" अम्मी इतकी हसली की अंडं हातातून सुटलं. मार मात्र मी खाल्ला, मोठी म्हणून.

दोन अंडी रिकामी निघाली, आरपार उजेड. बाकी सात भरली आहेत. मी आत एकटीच हसून राहिली.

मंग हसणं थांबलं. खरं सांगू? त्या खोलीत दार लावून उभं राहायची माझी ती पहिलीच वेळ होती, तेव्हापासूनची. अम्मीले शेवटची आंघोळ तिथंच घातली होती. फरशीवर मी उभी होती तिथंच तो पाट होता. मी तर तिच्या केसांवर पाणी टाकणाऱ्यांत होती. मानेले एकदम गार वाटलं, नि मी दार उघडून बाहेर आली.

आता दुसरी गोष्ट. ती लिहू की नको असं होऊन राहिलं, पण तुले नाही तर कोणाले सांगू?

सकाळी शाळेत जायच्या आधी मी अंडी पालटते, गोल वर करून ठेवते. शाळा तिकडे खेड्यात, घरी यायले संध्याकाळ होते. आल्यावर पाहते तर सगळ्या फुल्या वर. पहिल्या दिवशी वाटलं, मीच विसरली असेन. दुसऱ्या दिवशी पेटी बंद करताना मुद्दाम मोठ्यानं म्हटलं, "गोल वर आहेत, शाहीनबी, लक्षात ठेव." संध्याकाळी फुल्या. रोजच्या रोज.

अम्मी जोहरची नमाज झाली की कोंबडी उठवून अंडी पालटायची, हे तुले माहीत आहे.

अब्बाले विचारलं. विचारलं म्हणजे ओरडली. कापसाच्या जिनिंगच्या मशिनींनी त्याईचे कान खाल्ले ते खाल्लेच, आता तर कानाशी ढोल वाजवला तरी मान हलत नाही. म्हटलं, अंडी तुमी पालटता का? ते माझ्याकडे पाहत राहिले, नि अगदी साधेपणानं म्हणाले, "मैं काहे को? तेरी अम्मी पलटती ना."

मी म्हटलं, कोण?

"खातूनबी," म्हणाले. "दोपहर में आती. मैं देखता ना यहाँ से."

मोतीबिंदू आहे, वय झालं, सगळं खरं. पण मी त्या रात्री जेवली नाही.

शाहीन


अकोट
३० नोव्हेंबर

तुबा,

पत्रं पोचतात का गं? का पोस्टमन वलगाव रोडवर फेकून देतो? एक शिवी तरी लिहून पाठव.

गुरुवारी बत्ती गेली. मी शाळेत. रुख्मिणीबाईच्या सुनेनं फोन केला की सकाळपासून लाइन नाही, तुमच्या पेटीचं काय? माझा जीव खालीवर. मुख्याध्यापकांले सांगतलं वडलांची तब्येत बिघडली, तौबा, नि मिळाली ती काळीपिवळी पकडून आली. थंडी पडली आहे आता इकडे. वाटेत मनात एकच, की गेली, सगळी गारठून गेली, अम्मीचं शेवटचं होतं तेही माझ्या हातून गेलं, नि तुबाले आता काय तोंड दाखवू.

पळत अंधाऱ्या खोलीत गेली. पेटीवर वाकळ गुंडाळलेली होती.

अम्मीची वाकळ. निळी, कडेले तुझ्या शाळेच्या फ्रॉकचे तुकडे लावलेली. मी ती मे महिन्यातच धुऊन लोखंडी पेटीत खाली ठेवली होती, वर दोन गाद्या. अब्बाचे गुडघे तुले ठाऊक आहेत, ते वाकून चप्पल घालू शकत नाहीत, गाद्या काय उचलतील? नि अंड्यांच्या पेटीच्या दोन्ही बाजूले गरम पाण्याच्या बाटल्या. अजून कोमट होत्या. काठाचं एक अंडं तेवढं जरा गार लागलं, बाकी सारी ऊबदार.

मी तिथंच फरशीवर बसून रडली. भीतीनं का सुटकेनं, मले नाही सांगता येणार.

मंग बत्ती आल्यावर अंडी नीट पाहिली. पेन्सिलीच्या फुलीशेजारी काळा ठिपका होता. सातही अंड्यांवर. बोटानं पुसला तर चकाकी उतरली बोटावर. सुरमा. घरात सुरमा नाही, तुबा. अब्बांनी डोळ्याच्या डॉक्टरनं सांगतल्यापासून सोडला, मी कधी लावतच नाही.

रुख्मिणीबाईले मी काहीच बोलली नव्हती. त्याच परवा कपडे वाळू घालता घालता म्हणाल्या, "मॅडम, एक विचारू का? राग नका मानू. दुपारच्याले तुमच्या घरी कोण येते?"

मी म्हटलं, कावून?

"नाही, आवाज येते. कोंबड्यांले बोलावल्यावाणी. मी म्हटलं, कोंबड्या तर आता नाहीत यांच्याकडे." मंग भिंतीजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "खातूनबीच्या आवाजासारखा आवाज येते वो. माझ्या तर अंगावर काटा आला. त्याईच्यासोबत वीस वर्षं ह्या भिंतीवर गप्पा मारल्या, मले आवाज नाही ओळखू येणार का?"

मी हसण्यावारी नेलं. म्हटलं, अब्बा मोबाइल लावतात मोठ्यानं. बहिरा माणूस मोबाइल कायले लावेल, हे त्याईच्याही ध्यानात आलं असेल. बिचाऱ्यांनी संध्याकाळी पुन्हा विरजण पाठवलं. या वेळी मी ठेवून घेतलं.

मले आता संध्याकाळी घरी यायची भीती वाटते. नि आली की पहिले अंधाऱ्या खोलीतच जाते. दोन्ही खरं आहे.

शाहीन


अकोट
४ डिसेंबर

तुबा! लबाड! चोट्टी!

पकडली मी तुले. आता हे पत्र वाचताना तोंड लपवू नको.

आज शाळेत तालुक्याची काही मीटिंग होती, पोरांले लवकर सोडलं. मी दुपारीच घरी. समोरून न जाता परसाकडून आली, कावून की बाजारातून कोळसा आणला होता नि तो परसात ठेवायचा होता. परसदाराशी पोचली, तर आतून आवाज.

"आव मेरी शहजादी, आव… ती-ती-ती… आव, माँ यहाँ है…"

माझ्या हातातून पिशवी पडली. अम्मी हेच म्हणायची. शेवटचे तीन-चार दिवस उरले की टोपल्याजवळ तोंड नेऊन बोलत बसायची. म्हणायची, पिल्लं कवचाच्या आतून ऐकतात, बाहेर आली की त्या आवाजाकडेच धावतात. आणि आज अठरावा दिवस. बरोबर आजपासूनच बोलायचं असते.

भिंत धरून उभी राहिली, भुताखेतापासून राखणारी आयतुल कुर्सी पुटपुटत होती नि मधेच विसरत होती. मंग एकदम टाळक्यात उजेड पडला. अगं बाई! हा तर तुबाचा आवाज!

फोनवर तू "हॅलो" म्हटलं की अब्बा, जेव्हा त्याईले थोडं ऐकू येत होतं तेव्हा, "खातूनबी कहाँ गई थी" म्हणायचे. मावशी फसायची, दूधवाला फसायचा. चाल तीच, उंची तीच, ओढणी डोक्यावर घ्यायची पद्धत तीच. मोतीबिंदूवाल्या डोळ्यांनी बारा हातांवरून अब्बाले तू अम्मीच दिसणार. रुख्मिणीबाईले भिंतीपलीकडून तू अम्मीच ऐकू येणार. नि सुरमादाणी कोणाजवळ आहे? वाकळ लोखंडी पेटीत तळाशी असते हे तुझ्याशिवाय कोणाले माहीत आहे? मी पंधरा दिवस भुतानं धरल्यासारखी वागून राहिली नि ही बाई सकाळच्या बसनं येते, अम्मीची अंडी पालटते नि माझ्या यायच्या आधी दुपारच्या बसनं परत जाते! पहिलं पत्र मिळालं त्याच दिवशी निघाली असशील.

इतका राग की माझं तोंड पाहायचं नाही. नि इतकी माया की अंड्यांवाचून राहवत नाही. अम्मीचीच पोट्टी आहेस.

दाराबाहेर चपला नव्हत्या, ते पण पाहिलं मी. कुत्रं पळवेल या भीतीनं आत नेल्या असशील.

मी आत आली नाही, तुबा. माझा हात कडीवर होता. पण वाटलं, मी आत गेली तर तू गप्प होशील, ओढणी घेशील, नि निघून जाशील. मंग पिल्लांशी कोण बोलेल? माझ्या आवाजानं काय होते! मी पोरांले पाढे म्हणायले लावते तो आवाज आहे माझा. म्हणून परसातच कोळशाच्या पिशवीवर बसली नि ऐकत राहिली. कितीतरी महिन्यांनी माझं काळीज जाग्यावर आलं. आवाज थांबला तशी मी हळूच निघून बस स्टँडवर जाऊन बसली, लांबून तरी पाहू म्हणून. अमरावतीची गाडी लागली, भरली, गेली. गर्दीत तू मले दिसली नाहीस.

ऐक. आजपासून अंडी पालटायची नाहीत, पेटी फार उघडायची नाही, तुले माहीतच आहे. रविवारी पिल्लं निघतील. रविवारी चोरासारखी येऊ नको. मी दालचा-भात करते. तू ये, पिल्लं पाहा, मले शिव्या दे, पण समोरून दे.

हे स्पीड पोस्टानं टाकते.

तुझी आपा


अकोट
७ डिसेंबर, रविवार संध्याकाळ

तुबा,

सहा पिल्लं निघाली. पहिलं काल रात्रीच बाहेर आलं, शेवटचं आज सकाळी नऊच्या सुमाराले. दोन अगदी बेगमसारखी, मानेवर सोनेरी. अब्बाच्या तळहातावर एक ठेवलं, तर अब्बा त्याच्या तोंडाजवळ तोंड नेऊन काहीतरी सांगून राहिले. त्याईले स्वतःचा आवाजही ऐकू येत नाही, तरी बोलले.

एक अंडं राहिलं आहे. बत्ती गेली होती तेव्हा काठाले होतं, गारठलं होतं, तेच मागे पडलं. दुसरं कोणी असतं तर फेकून दिलं असतं. पण अम्मी उशिराचं अंडं कधीच फेकायची नाही. कोंबडी पिल्लं घेऊन उठून गेली तरी ते अंडं पदरात बांधून फिरायची, भाकरी थापायची तरी कमरेले अंडं. शेजारच्या बाया हसायच्या. ती म्हणायची, त्याचा रस्ता लांबचा असेल, आपण बसू.

सकाळपासून मी फाटकात होती. बांगड्या घातल्या, दालच्यात तुझ्यासाठी आंबट जास्त टाकलं. दर बसच्या टायमाले गल्लीच्या तोंडापर्यंत जाऊन आली. रुख्मिणीबाई म्हणे, "मॅडम, कोणाची वाट पाहून राहिल्या?" म्हटलं, माझी बहीण येऊन राहिली. किती महिन्यांनी हे वाक्य मी तोंडानं बोलली.

तू फाटकातून आली नाहीस. दुपारी अब्बा समोरच्या खोलीत नमाजले उभे होते, मी फाटकातून वळली, नि पिल्लांचा एकदम कल्ला झाला. सगळी एका सुरात. नि त्या कल्ल्यावर तो आवाज. ती-ती-ती. आव, माँ यहाँ है.

मले हसू फुटलं. म्हटलं, आली! परसदारानंच आली, खोड जात नाही! धावत अंगणात गेली. अंधाऱ्या खोलीचं दार आतून ओढलेलं. मी म्हटलं, "तुबा, अवं, बाहेर ये ना." आवाज पिल्लांशी बोलत राहिला. माझ्याशी नाही.

भोकाले डोळा लावून पाहावं म्हणून वाकली. भोकात अंडं होतं, तुबा.

आतून लावलेलं. ऊन बरोबर दारावर. आत कोणीतरी अंडं धरून उन्हात पाहून राहिलं होतं, जिवंत आहे का म्हणून. उशिराचं अंडं. मी बोट लावलं. ऊबदार होतं. माझं बोट बाहेरून नि तुझा हात आतून, मधे एवढंसं कवच. मी म्हटलं, "त्या दिवशीचा राग सोड आता. ये ना गं." अंडं जरासं फिरलं भोकात, जसं अम्मी फिरवून पाहायची. बाकी काही नाही.

मी दार ढकललं नाही. कितीही वाटलं तरी ढकललं नाही. तुले तुझ्या मर्जीनं बाहेर यायचं असेल तर ये, असं म्हटलं नि ताट वाढायले गेली. ताट घेऊन आली तेव्हा दार उघडं होतं. पिल्लं पेटीत कोरडी, पोट भरून झोपल्यासारखी. अंडं जागेवर, त्यावर सुरम्याचा ताजा ठिपका. तू नाहीस.

असं कावून करतेस? इतकं जवळ येऊन? तुले मले शिक्षाच करायची असेल तर झाली शिक्षा. ताट अजून झाकून ठेवलं आहे. फरशी ओली होती, कावून ते कळलं नाही, पाण्याची वाटी तर भरलेलीच होती.

पिल्लं जागी झाली की दाराकडे तोंड करून ओरडतात. मी किती बोलावलं, एकही येत नाही. तुझी आहेत ती. येऊन सांभाळ.

शाहीन


अमरावती
९ डिसेंबर

आपा,

सलाम.

तुझी पाचही पत्रं आज फोडली. पहिली चार आली तशी गादीखाली टाकत गेली, नाही वाचायची म्हणून. आज पाचवं आलं नि कधी आवाज न चढवणारा माझा नवरा, दानियाल, तोही ओरडला की एवढी लिहून राहिली ती, माणूस आहेस का दगड. मंग एका बैठकीत वाचली. घाईत लिहून राहिली, अक्षर सांभाळून घे.

आपा, ती मी नव्हती.

मी आलीच नाही. ऑक्टोबरमध्ये जिन्यावरून पडली, उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये आहे. दानियाल धरून नेतो तेव्हा मोरीपर्यंत जाते. तुमाले कळवलं नाही, कळवायचंच नव्हतं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी खाटेवर होती, दुसरं आलं तेव्हा खाटेवर होती, नि रविवारी दुपारी, तू दाराशी उभी होतीस तेव्हा, मी खाटेवर छताकडे पाहत होती. ते अंडं माझ्या हातात नव्हतं.

सुरमादाणी माझ्या कपाटात कुलपात आहे. दानियालले काढायले लावली. झाकण घट्ट बसलेलं. कांडी कोरडी. मे महिन्यापासून मी उघडली नाही, उघडवली नाही.

दानियाल म्हणे, फोन कर आपाले, सांगून टाक. कसा करू? माझा आवाज ऐकशील नि म्हणशील, पाहा, हीच तर होती. म्हणून हे लिहून त्याच्या हाती देऊन राहिली. तो मोटरसायकलनं निघतो आहे, आजच पोचेल. उद्या सकाळी इथं प्लास्टर कापतात. तिथून सरळ गाडी करून येते. चालता नाही आलं तर उचलून आणा मले, पण मी येते.

त्या दिवशी मी घरात पाय ठेवला तेव्हा अंधाऱ्या खोलीची फरशी ओली होती. बस तेवढीच भेटली मले अम्मी. मी त्या ओल्या फरशीवर हात ठेवला होता, हे मी कोणाले सांगतलं नाही. तू पाहिलं होतंस तिले, अब्बानं पाहिलं, गल्लीतल्या साऱ्या बायांनी पाहिलं. आताही अब्बाले दिसते, तुले ऐकू येते, रुख्मिणीबाईलेही ऐकू येते. एक मीच राहिली.

तू दार ढकललं नाहीस, याचं मले काय वाटलं ते कसं सांगू तुले. आता उद्यापर्यंतही ढकलू नको. पिल्लांले दाणापाणी सकाळीच देऊन ठेव. जोहरनंतर त्या खोलीकडे कोणी जाऊ नका, हाक मारू नका, मौलानाले बोलावू नका, काही पढून फुंकू नका. अंडं फेकू नको. ताट झाकलेलंच राहू दे. मले घाई करायले लावू नका, नि तिलेही नका लावू.

रस्त्यात काही आडवं आलं, मले उशीर झाला, तरी कोणी काहीही म्हणो, अब्बा म्हणो, बुजुर्ग म्हणोत, ते दार मीच उघडीन.

आपा, या बारीले माझ्यासाठी थांबा.

तुबा